पोटरीला काम हवं

नगरहून पुण्याला एसटीची पहिली गाडी सुटली ती १ जून १९४८ रोजी. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे, तिकीट अडीच रुपये. नगर जिल्ह्यात हे पोराटोरांनाही ठाऊक असतं, कारण दर जूनमध्ये ते पेपरात छापून येतं. त्याच सुमारास लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचा एक डॉक्टर बसच्या चालक-वाहकांचाच हिशेब मांडत होता. लंडनची बस दुमजली. चालक दिवसभर खुर्चीत, वाहक दिवसभर जिन्यावर. एका पाळीत त्याच्या पाचशे-साडेसातशे पायऱ्या सहज चढून व्हायच्या. दोघांची वस्ती, राहणी साधारण सारखीच. तरी चालकांना हृदयविकार जास्त, आणि तो जीवघेणाही जास्त, असं मॉरिसने १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात हजारो कामगारांच्या नोंदींवरून दाखवलं. बसून राहणं हे स्वतःच एक दुखणं असू शकतं, हा विचार वैद्यकात तिथून रुजला. मॉरिस माणूस प्रामाणिक होता. पुढे त्यानेच दोघांच्या गणवेशांची मापं तपासली आणि चालक मुळातच कमरेने रुंद होते हेही छापून टाकलं. म्हणजे सगळा दोष खुर्चीच्या माथी मारता येत नाही. पण खुर्ची निर्दोष सुटली असंही नाही.

मॉरिसचं लक्ष हृदयाकडे होतं. मला बघायचे होते पाय, आणि तेही नगर जिल्ह्यातल्या श्रीगोंद्यातले. पायाचा विषय आणि श्रीगोंदा म्हटलं की इतिहासाची आवड असलेल्याला आधी महादजी शिंदे आठवतात. पानिपतावर १७६१ साली पायाला जखम झाली, राणेखान भिस्त्याने वाचवलं, आणि पुढे उभा हिंदुस्थान त्यांनी लंगडत्या पायाने हलवला. त्यांचं हे जहागिरीचं गाव. पण मी आलो होतो धडधाकट पायांसाठी. ज्यांना कधी तलवार लागली नाही, नुसतं बसून बसून जे संध्याकाळी भरून येतात, चपलेत मावत नाहीत, मोज्याचं इलॅस्टिक ज्यांच्यावर वळ उठवतं, ते पाय.

श्रीगोंदा म्हणजे शेतीचा तालुका. इथे कोण बसून राहतंय, असं कुणालाही वाटेल. काष्टीच्या शनिवारच्या बैलबाजारात तर बसलेला माणूस शोधावा लागतो. पण तालुक्याच्या गावात जरा हिंडलं की बसलेली माणसं दिसू लागतात. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं, शिलाईच्या दुकानात शिंपी, सेतू केंद्रात कॉम्प्युटरवर दाखले काढून देणारी मुलगी, स्टँडवर पुण्याच्या गाडीत खिडकी धरून बसलेल्या बाया. आणि दिवाळी आली की या यादीत सर्वांत मोठी भर पडते ती उसाच्या वाहनांची.

गळीत हंगाम लागला की कारखान्याच्या रस्त्याला ट्रॅक्टरची रांग लागते. दोन-दोन ट्रेलर मागे, मोळ्या रचून छपराएवढ्या उंच, पुढे स्पीकर. वजनकाटा, नंबर, मग गव्हाण. हंगामाच्या भरात, किंवा यंत्र बिघडून गाळप थांबलं की, नंबर यायला अख्खी रात्र जाते. मी ज्याच्याशी बोलत उभा राहिलो तो ड्रायव्हर पंचविशीतला असेल. सीटवरच मांडी घालून, पाठ मडगार्डला टेकवून तो मोबाईल बघत होता. खाली का उतरत नाही, विचारलं तर म्हणाला, “उतरलो अन् रांग सरकली तर मागचा शिव्या घालतोय. दोन हात सरकते, पण सरकते.” झोपायचं तर ट्रेलरखाली, नाहीतर असंच. पायांचं काय होतं? त्याने पँट वर ओढून घोट्याच्या वर अंगठा दाबला. अंगठा उचलल्यावर तिथे खळगा राहिला आणि बराच वेळ भरला नाही. “घरी गेलो, झोपलो, की सकाळी जातंय,” म्हणाला. त्याला त्यात विशेष काही वाटत नव्हतं.

त्या खळग्याची गोष्ट अशी. हृदय रक्त खाली पायापर्यंत ढकलून देतं, पण पायातून ते वर आणायची ताकद हृदयात फारशी उरलेली नसते. ते काम पोटरी करते. पोटरीच्या आत, वरून न दिसणारा सोलियस नावाचा चपटा रुंद स्नायू असतो, आणि त्याच्या आतून-बाजूने खोलवरच्या शिरा जातात. पाऊल उचललं, टाच वर गेली, की स्नायू आवळतो, शिरा पिळली जाते आणि आतलं निम्म्याहून अधिक रक्त वर फेकलं जातं. ते परत खाली येत नाही, कारण शिरेत ठरावीक अंतरावर पडदे असतात आणि ते वरच्याच दिशेने उघडतात. गावातला हापसा असाच चालतो: दांडा हलवा, पाणी वर येतं, आतला वॉशर ते खाली जाऊ देत नाही. दांडा थांबवला की पाणी येणं थांबलं. पडद्यांचं सविस्तर वर्णन फॅब्रिशियस या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १६०३ साली छापलं, पण ते कशासाठी आहेत हे त्याला नीट उमगलं नाही. ते कोडं त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वी याने सोडवलं आणि १६२८ मध्ये रक्ताभिसरणावरचं पुस्तक काढलं.

आकड्यात सांगायचं तर स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या ८०-९० मिलिमीटरपर्यंत असतो. चालायला लागलं की काही पावलांत तो तिसेकच्या खाली येतो. बसलेल्या माणसाचा दाब या दोन्हींच्या मधला, पण हलला नाही तर तिथेच अडकून राहिलेला. दाब असा तासन् तास राहिला की रक्तातलं पाणी बारीक केशवाहिन्यांतून झिरपून आजूबाजूला साठतं. ड्रायव्हरच्या घोट्यावर अंगठ्याचा ठसा उमटला तो या पाण्यात. वर्षानुवर्षं हेच चाललं, अंगात तशी प्रवृत्ती असली, तर शिरेचे पडदे सैल होतात, रक्त उलटं घसरतं आणि पोटरीवर निळ्या गाठाळ शिरा दिसू लागतात. पुढे घोट्याजवळची कातडी काळवंडते, खाजते, आणि एखादी जखम महिनोन् महिने भरत नाही.

शिरांबद्दल एवढं पुरे. धमनीची गोष्ट निराळी आहे आणि ती अलीकडे कळली. इंडियाना विद्यापीठात सौरभ ठोसर यांनी (आडनाव वाचून मराठी माणूस थबकतोच) बारा निरोगी तरुण पुरुषांना तीन तास पाय न हलवता बसवलं आणि मांडीतल्या मोठ्या धमनीची तपासणी केली. निरोगी धमनी रक्ताचा ओघ वाढला की रुंदावते. तासाभराच्या बैठकीतच हे रुंदावणं निम्म्यावर आलं. वेगळ्या एका दिवशी त्याच मंडळींना तशाच बैठकीत दर तासातून पाच मिनिटं ट्रेडमिलवर चालवलं, तेही ताशी सव्वातीन किलोमीटरने, म्हणजे बाजारात भाजी बघत चालतो तितपत. त्या दिवशी घसरण झालीच नाही. प्रयोग लहान, माणसं थोडी, आणि त्यातून तीन तासांत कुणाला काही आजार होतो असं कुणी म्हणालेलं नाही. पण पाच मिनिटांची संथ फेरी पुरली, हे लक्षात ठेवण्यासारखं.

मिझुरी विद्यापीठात जॉमे पडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये आणखी एक मजा केली. अकरा तरुण-तरुणींना तीन तास बसवलं. एक पाय अगदी स्थिर, दुसरा मात्र मिनिटभर टाच टेकत-उचलत थरथर हलवायचा, चार मिनिटं थांबवायचा, पुन्हा मिनिटभर हलवायचा. शेवटी गुडघ्यामागची धमनी मोजली. स्थिर पायाची धमनी मंदावलेली. हलणाऱ्या पायाची नुसती टिकली नाही, थोडी सुधारली. एकाच माणसाचे दोन पाय, एकाच खुर्चीवर.

हे वाचताना मला आमच्या घरातल्या सगळ्या म्हाताऱ्या आठवल्या. बसून पाय हलवला की पाठीत धपाटा ठरलेला. पाय हलवल्याने घरातली लक्ष्मी जाते. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर तर पाय हलवणारं पोर म्हणजे साक्षात दळिद्र. आजीचा मान राखूनही सांगावंसं वाटतं की पोरगं स्वतःच्या धमन्यांचं भलं करत होतं. आता याचा अर्थ पूजेत पाय हलवावा असा नाही. पण अभ्यासाच्या टेबलाखाली, दिवाणखान्यात, गाडीत, ज्याचा पाय आपोआप हलतो त्याला हलवू द्यावा.

पडिया यांच्याच गटाने दुसऱ्या एका प्रयोगात माणसांना आडवं निजवून एकच पाय कंबरेत आणि गुडघ्यात दुमडून ठेवला. बसवलं नाही, वजन टाकलं नाही, तरी दुमडलेल्या पायाची धमनी मंदावली, सरळ पायाची नाही. म्हणजे नुसता काटकोनही रक्ताच्या वाटेत येतो. पाय लांब करून बसणं हे मोठ्यांसमोर आपल्याकडे उद्धटपणाचं मानतात. शिष्टाचार आणि रक्तवाहिन्या यांचं पटत नाही ते असं.

लिंबांच्या बाजारात मात्र निवड करणाऱ्या बाया कुणाच्या शिष्टाचाराची पर्वा करत नाहीत. श्रीगोंद्याचं लिंबू लांबलांबच्या बाजारांत जातं, आणि त्याआधी ते हाताखालून जावं लागतं: मोठं, मध्यम, बारीक, डागी. ढिगासमोर बसलेली बाई घटकाभर एक पाय लांब, एक दुमडून, मग उकिडवी, मग गुडघ्यावर येऊन पलीकडचा ढीग ओढणार, मग क्रेट उचलायला उठणार. टांझानियातल्या हाड्झा या शिकारी-संकलक जमातीचा असाच अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. ही माणसं दिवसाचे नऊ-दहा तास बसून-टेकूनच काढतात, आपल्याइतकेच. पण त्यातला बराच वेळ उकिडवं नाहीतर गुडघ्यावर, जिथे पायाचे स्नायू थोडे तरी जागे असतात. खुर्चीत ते पूर्ण झोपतात. याचा अर्थ उकिडवं बसणं म्हणजे अमृत, असं कुणी समजू नये. त्या बायांचे गुडघे त्यांना काय म्हणतात ते त्यांनाच विचारावं. मला त्यांच्याकडे दिसली ती एकच गोष्ट: कुठलीच बैठक दहा-पंधरा मिनिटांवर टिकत नव्हती.

तिथून जवळच्या गल्लीत एक शिंपी आहेत. साठी ओलांडलेली, ब्लाउजच्या शिलाईत गावात नाव. त्यांचं मशीन जुनं, पायाने चालवायचं. खाली लोखंडी जाळीची पायटी, बाजूला चाक, चामड्याचा पट्टा. काही वर्षांपूर्वी मुलाने मोटार बसवून दिली. काम दुप्पट झालं. पायटीच्या जागी आता एक छोटं पेडल, त्यावर उजव्या पावलाचा चवडा जेमतेम दाबायचा. “पहिलं पाय दुखायचे, पण ते कामाने दुखायचे,” ते म्हणाले. “आता बसूनच दुखतात.” संध्याकाळी डाव्या घोट्यावर सूज येते. मोटारीमुळेच, असा पुरावा त्यांच्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही; वय आहे, वजन आहे. पण पायटीचं यंत्र बघितलं तर घोटा दिवसभर वर-खाली, वर-खाली, मिनिटाला कितीतरी वेळा. पोटरीचा पंप चालवायला कुणी मुद्दाम यंत्र बनवलं असतं तर ते यापेक्षा फार वेगळं झालं नसतं. बर्नार्डिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर पहिला मोठा ग्रंथ लिहिला. त्यात बसून काम करणाऱ्यांवर वेगळं प्रकरण आहे आणि शिंप्यांच्या बधिर पायांचा उल्लेखही. त्याचे शिंपी हातशिलाईचे होते, पाय दुमडून बसणारे. मधली शे-दीडशे वर्षं पायटीने शिंप्यांचे पाय हलवले, आणि आता मोटारीने पुन्हा थांबवले. मास्तरांनी जुना पट्टा टाकून दिलेला नाही. वीज गेली की चढवतात. श्रीगोंद्यात त्यामुळे त्यांच्या पोटऱ्यांना अधूनमधून काम मिळतं.

आता जरा गंभीर प्रकरण. सप्टेंबर १९४० पासून लंडनवर बॉम्ब पडू लागले आणि माणसं रात्र-रात्र भुयारी आसऱ्यांत काढू लागली. बसायला कापडाच्या घडीच्या खुर्च्या. कीथ सिम्पसन या शवचिकित्सकाच्या लक्षात आलं की आसऱ्यातून बाहेर पडलेली धडधाकट माणसं अचानक कोसळून मरतायत, आणि मृत्यूचं कारण फुफ्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी. गुठळी तयार झाली होती पायात. खुर्चीची पुढची लाकडी दांडी मांडीच्या मागच्या बाजूला रात्रभर रुतत होती, शिरा दबत होत्या. सिम्पसनने त्याच वर्षी हे छापलं, आणि उपाय काही औषधाचा नव्हता: खुर्च्या काढा, निजायला फळ्या टाका. १९५४ साली बोस्टनच्या जॉन होमन्सने अशा रुग्णांची नोंद केली, त्यात लांबच्या विमानप्रवासातून आलेला एक डॉक्टर होता, मोटारप्रवास केलेले होते, आणि नाटक बघून उठलेला एकजणही होता. आपल्या तीन अंकी नाटकांतली दोन मध्यंतरं बटाटेवड्यासाठी होती असं आपण समजत आलो. पोटरीचंही त्यात भलं झालं.

त्या दांडीची आठवण मला पुण्याच्या गाडीत झाली. शेजारच्या सीटवर एक आजी, उंची पाच फुटांच्या आतबाहेर. पाठ टेकून बसल्या की त्यांची पावलं फरशीला टेकत नव्हती. सगळा भार सीटच्या पुढच्या कडेवर, बरोबर गुडघ्यामागे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रवास आणि रक्ताच्या गुठळ्यांवरचा अहवाल काढला. चार तासांहून लांबच्या प्रवासात, मग तो विमानाचा असो, रेल्वेचा असो, बसचा की मोटारीचा, गुठळीची जोखीम साधारण दुप्पट होते. मूळ जोखीमच इतकी कमी की दुप्पट होऊनही निरोगी माणसात सुमारे सहा हजारांत एक. पण काहींच्यात ती जास्त भरते, आणि त्या यादीत १९० सेंटिमीटरहून उंच माणसांबरोबर १६० सेंटिमीटरहून बुटकी माणसंही आहेत. १६० म्हणजे सव्वापाच फूट. आपल्या बायकांत त्याहून उंच किती निघतील? विमानाच्या सीटबद्दल जगभर ओरड होते. एसटीतल्या आजीच्या लोंबत्या पायांबद्दल कुणी ओरडत नाही. उपाय तर पायाशीच असतो: कपड्यांची पिशवी आडवी करून पावलांखाली घ्यायची. आजींनी घेतली. “गुडघ्याला बरं वाटतंय,” म्हणाल्या.

पाणी मात्र त्या प्यायल्या नाहीत. पुण्यापर्यंत पिणारही नव्हत्या. का, ते प्रत्येक बाईला माहीत आहे आणि प्रत्येक स्टँडच्या स्वच्छतागृहात त्याचं उत्तर वासाने कळतं. पाणी कमी प्यायल्याने गुठळी होते असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही, हे खरं. पण पाणी प्यायलेला माणूस उठतो, चालतो; न प्यायलेला बसून राहतो. पायाच्या आरोग्यावरचा खर्च स्वच्छतागृहाच्या अंदाजपत्रकात कुणी दाखवत नाही, तो तिथे असतो.

सणाच्या अंकात लिहितोय म्हणून एक जास्तीचं. पूजा, लग्न, देवदर्शन तोंडावर आलं की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणल्या जातात. नोरेथिस्टेरॉन हे त्यातलं नेहमीचं औषध. त्याचा थोडा अंश शरीरात इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यात बदलतो आणि ते रक्ताची गोठण्याची ओढ वाढवतं. बहुतेकींना काही होत नाही. पण आधी कधी गुठळी झालेली, घरात कुणाला झालेली, वजन खूप जास्त असलेली, आणि त्यात दहा तासांची बस, अशा बाईने डॉक्टरला विचारल्याशिवाय ती गोळी घेऊ नये. आणि बाळंतीण. प्रसूतीनंतरचे पहिले सहा आठवडे गुठळीची जोखीम सर्वांत जास्त, सिझेरियन झालं असेल तर आणखी. नेमका तोच सव्वा महिना आपण तिला खाटेवरून हलू देत नाही. शेक द्या, डिंकाचे लाडू द्या, पण घरातल्या घरात चालू द्या.

दोन्ही पाय संध्याकाळी सारखेच सुजले आणि सकाळी उतरले तर बहुधा घाबरण्यासारखं नसतं, मात्र रोजचं झालं तर मूत्रपिंड, हृदय, थायरॉइड, चालू असलेली औषधं हे सगळं बघावं लागतं. मांडी घालून बसल्यावर येतात त्या मुंग्या बहुतेक दबलेल्या मज्जातंतूच्या असतात, रक्त थांबल्याच्या नव्हे. भीती वेगळ्या पायाची आहे: एकच पाय सुजला, पोटरी कडक आणि गरम लागते, रंग बदललाय, दाबलं की कळ येते. गावाकडे अशा वेळी पहिला उपाय ठरलेला, कोमट तेल आणि जोरात मालिश. तो करू नये. आत गुठळी असेल तर रगडण्याने ती सुटून फुफ्फुसाकडे जाऊ शकते. पायाची डॉप्लर सोनोग्राफी करून घ्यावी, त्याच दिवशी. आणि अचानक दम लागला, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं तर उद्यावर ढकलू नये. १०८ ला फोन करावा.

चालताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो, पुन्हा चाललं की पुन्हा तितक्याच अंतरावर येतो, ही तक्रार धमनी बारीक झाल्याची असू शकते. मधुमेही आणि तंबाखू-बिडीवाल्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. अशा पायावर घट्ट मोजे चढवणं उलट घातक. दाबाचे मोजे हे शिरांच्या दुखण्यासाठी चांगले, पण पावलाची नाडी बघून, माप घेऊन. ऑनलाइन स्वस्तात मिळाले म्हणून वडिलांना दिवाळीची भेट द्यायची वस्तू ती नव्हे.

अभ्यासिकेत मी गेलो तेव्हा पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं होती. पहाटे मैदानावर १६०० मीटरचा सराव, मग आंघोळ, मग इथे रात्रीपर्यंत. त्यांना वाटतं पहाटेच्या धावण्याने दिवसभराची बैठक माफ. तसं गृहीत धरू नये. ठोसर आणि पडिया यांच्या प्रयोगातली माणसंही तरुण आणि निरोगीच होती, तरी धमनी काही तासांत सुस्तावली. यातल्या एकाने मला मोबाईलवर व्हिडिओ दाखवला: बसल्या बसल्या टाचा उचला, चालण्याची गरज नाही, शुगर निम्मी. मुळात गोष्ट खरी आहे. ह्यूस्टन विद्यापीठातल्या मार्क हॅमिल्टन यांनी २०२२ मध्ये सोलियसच्या या हालचालीवर संशोधन प्रसिद्ध केलं, आणि साखरेचं पेय घेतल्यानंतरची रक्तातली साखर बरीच कमी चढली हे दाखवलं. व्हिडिओत जे गाळलं होतं ते असं की प्रयोगातली माणसं ही हालचाल तासन् तास करत होती आणि स्नायू नीट काम करतोय का हे यंत्रावर बघितलं जात होतं. पाच मिनिटं टाचा उचलून जिलबी पचवायची सोय अजून निघालेली नाही.

करायचं मात्र सोपं आहे. पावलं जमिनीला पूर्ण टेकवायची, गुडघे थोडे पुढे, चवडा रोवून टाच जितकी जाईल तितकी वर, मग सोडून द्यायची. पोटरीवर हात ठेवला तर आवळलेली कळली पाहिजे. मग टाच रोवून चवडा वर. मिनिटभर हे, चार-पाच मिनिटं अभ्यास, पुन्हा मिनिटभर. आणि तासातून एकदा उठून खरोखर चालायचं.

उठायचं म्हटल्यावर पोरं हसली. अभ्यासिकेत दर तासाला उठणारा म्हणजे टाइमपास करणारा. कुणी किती तास सलग ‘बैठक मारली’ यावर तिथे इज्जत ठरते. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला तर चार माना वळतात. सेतू केंद्रातली मुलगी काउंटरवरून उठली तर रांगेतला माणूस घड्याळ बघतो. ट्रॅक्टरवाल्याला मागचा शिव्या देतो. मी ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या एकालाही पाय मोकळे करावेत हे ठाऊक नव्हतं असं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. पाच मिनिटं उठायची मुभा कुणाला नव्हती. डॉक्टर सल्ला देतात तो रुग्णाला. तो खरं तर रांगेचे टोकन वाटणाऱ्याला, काउंटर चालवणाऱ्याला, अभ्यासिकेच्या मालकाला द्यायला हवा. टोकनवर वेळ छापली तर ट्रॅक्टरवाला उतरून फिरेल. अभ्यासिकेत भिंतीला एक उंच फळी ठोकली, उभ्याने वाचता येईल अशी, तर खर्च दीड-दोन हजाराच्या वर जाणार नाही.

एसटीकडे परत यायचं तर नगर-पुणे रस्त्यावर १ जून २०२२ ला, पहिल्या गाडीच्या बरोबर ७४ वर्षांनी, महामंडळाची ‘शिवाई’ ही पहिली वातानुकूलित इलेक्ट्रिक बस धावली. आवाज नाही, धूर नाही, गिअर नाही. गिअर नाही म्हणून क्लचही नाही. जुन्या गाडीचा क्लच चालकाच्या डाव्या पायाचे हाल करायचा. गावातून, घाटातून, गर्दीतून शेकडो वेळा दाबायचा, गुडघा कुरकुरायचा. त्याच्या तक्रारी खऱ्या होत्या आणि क्लच गेला ते बरंच झालं. पण डावी पोटरी दिवसभर चालायची ती त्याच्यामुळे. नव्या गाडीत उजव्या पायाला दोन पेडल आहेत, डाव्याला काहीच नाही. आणि विनावाहक गाड्यांत तर वाहक नसतोच.

जुन्या लाल गाडीवर बरीच वर्षं काढलेल्या एका चालकाला मी स्टँडवर हे सांगितलं. सिग्नलला, फाट्यावर, गाडी पूर्ण थांबलेली असताना, हँडब्रेक ओढलेला असताना डावी टाच दहा-वीस वेळा उचलायला काय हरकत आहे, असंही म्हणालो. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “थांब्यावर जेवायला गाडी लावतो तिथं आम्हाला वेगळी खोली असते, पंखा असतो, खुर्ची असते. तिथं गेल्यावर परत बसायचंच असतं की. उद्यापासून निम्मं जेवण उभ्यानं करून बघतो. हॉटेलवाला काय म्हणंल ते म्हणू द्या.”